घोड्याशी बोलायचे दिवस

दसरा जवळ आला की नातवाच्या गॅरेजपुढे गाड्या धुवायला रांग लागते. टेम्पो, रिक्षा, कुणाचा जुना ट्रॅक्टर. झेंडूच्या माळा बादलीत भिजत पडलेल्या असतात आणि मी ओट्यावर खुर्ची टाकून सगळी गंमत बघत बसते. परवा एका टेम्पोचं चाक उघडलं, तर टायरातून चांगला बोटाएवढा खिळा निघाला. मेकॅनिकने तो पकडीने उपटला आणि खुशाल मागे भिरकावला. मी उठले, गुडघ्यांची तक्रार ऐकून न घेता वाकले, खिळा शोधून काढला आणि माझ्या डब्यात टाकला. नातू हसून म्हणाला, "आजी, भंगारवाल्याशी ठरवलंयस काय?" म्हटलं, "आधी पायात चप्पल घाल, मग बोल." त्याने मुकाट्याने घातली.

ज्या जागेवर आता गाडीखाली जॅक लावतात, तिथे मैना उभी असायची. मैना म्हणजे आमची घोडी. पलीकडे पाखऱ्या, तांबडा घोडा, स्वभावाने आळशी. आश्विनातली दुपार तापली, सावित्री नदीकाठचा चिखल वाळायला लागला आणि कुठून तरी ओल्या कापलेल्या गवताचा वास आला, की पेट्रोलच्या वासाखालून मला तबेल्याचा वास येतो. नातसुनेला सांगितलं तर ती म्हणते, "आजी, घोडे जाऊन किती वर्षं झाली." वर्षं झाली खरी, पण ती जागा आणि तो वास माझ्या मनात अजून वेगळे झालेले नाहीत.

मी शिवथरची. वैशाखात लग्न होऊन महाडला आले, तेव्हा घाटात मोटारी नुकत्याच दिसू लागल्या होत्या आणि लोक त्यांना बघायला रस्त्यावर येऊन उभे राहत. पण माणसं पोलादपुरास जायची ती टांग्यानेच. मामंजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, टांगे होते. पावसाळाभर घोडे बसून असत. त्यांच्या नाला काढून ठेवत, खूर मोकळे सोडत. आश्विनात रस्ता सुकला, घाटातली दरड उपसली, की नालबंद यायचा, तबेला झाडूनपुसून लख्ख व्हायचा आणि आमच्या घराला जाग यायची. शेतकऱ्याचा हंगाम संपायला येतो तेव्हा आमचा सुरू व्हायचा. माहेरी याच दिवसांत मी विळा घेऊन भातात उतरायची, आणि इथे हातात खरारा, घोड्याचं अंग घासायची ती दातेरी लोखंडी फणी.

मला वाटलं होतं, जनावर ते जनावर. बैलांत वाढलेली मी. बैलाकडे जायचं ते मागून, पुठ्ठ्यावर थाप मारत. भ्यायचं ते त्याच्या शिंगांना. घोड्याचं सगळंच उलटं. त्याचं भय मागे. तो रवंथ करत नाही, त्याला उलटी होत नाही, म्हणून कोवळं ओलं गवत जास्त झालं तर पोट फुगून जीव जातो. तो उभ्या उभ्या झोपतो. त्याला दोन्ही बाजूंचं दिसतं, पण अगदी पाठीमागचं दिसत नाही. एवढं मोठं धूड, आणि माझ्या पदराचं टोक वाऱ्याने हललं तरी दचकायचं. हे असं का, म्हणून मी दिवसदिवस मैनेच्या डोळ्यांत बघत राहायची. तिच्या डोळ्यात आख्खा तबेला दिसायचा, कुडाच्या भिंतीसकट, आणि त्यात मी बारकी.

तबेल्याचं राज्य आत्याबाईंचं. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणायचे. उंच, सडसडीत बाई, बोलणं तोडून टाकल्यासारखं. तबेल्यातल्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला दारात उभं केलं आणि म्हणाल्या, "पदर खोच. दोर हाताला गुंडाळायचा नाय, जनावर बिथरलं तर हात घेऊन जाईल. खुराशी काम असलं तर ओणवं व्हायचं, मांडी घालून बसायचं नाय. कान मागं पडले की तू बाजूला. बाहेर जाताना पाय धुवायचे, कडुनिंबाच्या पाण्यात. आणि अनवाणी आत यायचं नाय, कवाच नाय."

"बरं," मी म्हटलं.

"आणि मोठ्यानं बोलत राह्यचं. घोड्याच्या मागं मुक्यानं जायचं नाय. त्याला कळाया पायजे कोण हाय ते."

बाकी सगळं मला जमण्यासारखं होतं. अडचण ती या शेवटच्या वाक्याची. तबेल्याच्या एका अंगाला कारवीच्या कुडाची भिंत होती आणि तिच्यापलीकडे पडवीत मामंजी बसायचे. सकाळभर त्यांचं लगाम, खोगीर, पट्टे शिवायचं काम चालायचं. चामड्यातून आरी जायची तो बारीक कुरकुर आवाज मला इकडे ऐकू यायचा; म्हणजे माझा तिकडे किती जात असेल. आणि आमच्या घरची रीत अशी, की सासऱ्याच्या कानावर सुनेचा आवाज पडता कामा नये. जेवायला वाढतानासुद्धा मी बांगडी वाजवून विचारायची, अजून हवंय का. एकाच जागी दोन कायदे, आणि मी दोहोंच्या मध्ये खरारा घेऊन उभी.

मी माझ्या परीने वाट काढली. दिवसभर मुकी राहिले. तिसऱ्या की चौथ्या सकाळी बादली घेऊन मैनेच्या मागून गेले आणि पुढचं मला नीट दिसलंच नाही. वाऱ्याचा एक झोत कमरेजवळून गेला आणि बादली पार दाराबाहेर जाऊन पडली. आत्याबाई धावत आल्या. मला खांद्याला धरून चाचपून बघितलं, कुठे लागलं नाही अशी खात्री झाल्यावर मग चिडल्या.

"तोंड हाय ना तुला?"

मी कुडाकडे बोट दाखवलं. "मामंजी हायत तिकडं."

आत्याबाईंनी कुडाकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मामंजींशी बोल म्हणून कोण सांगतंय गो? घोडीशी बोल."

घोडीशी काय बोलायचं, हा माझ्यापुढचा नवा प्रश्न. पहिल्या दिवशी मी पाढे म्हटले. चौथीपर्यंत शिकलेली, तेवढंच भांडवल. तेराच्या पाढ्यात मध्येच कुठेतरी घसरले, तर कुडापलीकडून खाकरल्याचा आवाज आला. मी थांबले, मागे आले, आकडा दुरुस्त केला, आणि आरी पुन्हा सुरू झाली. मला इतकं हसू आलं की मैनेच्या मानेत तोंड लपवावं लागलं. मामंजी ऐकत होते, आणि ऐकत नाहीत असं दाखवत होते, आणि चुकीचा पाढा मात्र त्यांना सहन होत नव्हता.

मग मी कान उघडे ठेवून आत्याबाईंचं बोलणं ऐकायला लागले. त्या पाखऱ्याच्या अंगावर हात फिरवत सलग बोलत असायच्या. "बाजूला हो रे. तेल संपलंय घरात. काल कालवण कसं केलं माझं मला ठाऊक. पाय उचल. मुंबईस्नं भावाचा सांगावा आलाय, माणूस येणाराय दिवाळीत, त्याला निजायला घोंगडी नाय." दुसऱ्या दिवशी चुलीजवळ तेलाची बुधली भरलेली असायची. घोंगडी आली. चौघांत नवऱ्याशी समोरासमोर बोलायची पद्धत आत्याबाईंच्या पिढीत नव्हतीच. आमचं घर कोण चालवतंय, याचा पत्ता मला असा लागला. लाथ चुकवायला काढलेला कायदा, आणि त्याच्या आडोशाने एक बाई वर्षानुवर्षं मनातलं सगळं मोठ्याने बोलून घेत होती.

मला स्वस्थ कुठलं बसवतंय. एकदा मीही करून बघितलं. मामंजी बाजारात जाणार होते त्या सकाळी मी मैनेला सांगितलं, की शिवथरात या दिवसांत ओल्या शेंगा उकडतात, मीठ घालून. महाडला काय मिळत नसतील बाई. संध्याकाळी तबेल्यात गेले तर तोबऱ्याच्या, म्हणजे दाण्याच्या पिशवीच्या, खुंटीला एक पुरचुंडी लटकत होती. उकडलेल्या शेंगा, अजून कोमट. मी आत्याबाईंना दाखवली. त्यांनी त्यातली एक शेंग फोडून तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "घोडीला सवय लागंल. जपून माग."

तबेल्याच्या दारात, उंबऱ्याला लागून, वहाणांचा एक जोड असायचा. पुरुषी, मोठ्या पायाचा, तळ झिजलेला. कोणी घालत नसे, कोणी हलवत नसे. झाडताना आत्याबाई तो उचलून पुन्हा तिथेच ठेवायच्या. मी एकदा विचारलं तर त्या ऐकलंच नाही असं करून निघून गेल्या. मग पाणवठ्यावर शेजारणीने सांगितलं. वहाणा माझ्या थोरल्या दिरांच्या. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी तबेल्यात त्यांच्या पायात खिळा गेला. मामंजींनी हळद आणि लिदीची राख भरली, बरं होईल म्हणाले. घोड्यांच्या आणि माणसांच्या जखमांवर त्यांच्या वडलांनीही तेच केलं होतं. जखम वरून सुकली. मग एके दिवशी थोरल्यांना जेवताना तोंड उघडेना. धनुर्वात. दवाखाना आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण तिथे पोचेपर्यंत उशीर झाला होता. त्यानंतर कडुनिंबाचं पाणी आलं, अनवाणी न येण्याचा कायदा आला. बाकी त्या विषयावर घरात कोणी शब्द काढला नाही. मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. आत्याबाई पाखऱ्याला तेलमीठ सांगायच्या, गुडघे सांगायच्या, थोरल्याचं कधीच काही सांगत नसत.

नालबंद आला तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. तापलेलं लोखंड, जळक्या खुराचा वास, पाखऱ्या उगाच डोळे मिटून उभा. पावसाळ्यापूर्वी काढून ठेवलेल्या जुन्या नाला एका कोपऱ्यात पडल्या की गावातली माणसं त्या न्यायला यायची, दसऱ्याला दारावर ठोकायला. आमच्याकडे समजूत अशी, की नाल खिळ्यासकट हवी. खिळे काढलेली नाल म्हणजे नुसतं लोखंड, तिच्यात गुण नाही. म्हणून आत्याबाईंचा कायदा एवढा कडक असूनही त्या कोपऱ्यातले खिळे कोणी उपटत नसे. लोकांच्या दाराला बरकत यावी म्हणून आमच्या अंगणात टोकं वर करून पडलेल्या त्या नाला. एवढी साधी गोष्ट तेव्हा कोणाच्याच लक्षात आली नाही.

संध्याकाळी हे घोड्यांना पाणी दाखवून आले. हे म्हणजे माझे यजमान. नाव मी आजही घेत नाही, सवयच नाही. आले ते चवड्यावर चालत. मी पाय धरून बघितला. टाचेत बारीक निळं भोक, त्यात हळद दाबून भरलेली. एका वहाणेचा अंगठा तुटला म्हणून तेवढं चार पावलं अनवाणी गेले होते.

"आईला सांगायचं नाय," ते म्हणाले. "बाबांना तर नायच नाय. आई जेवायची नाय. बाबा तबेलाच बंद करतील."

"दवाखान्यात जाऊ या."

"जरा टोचलंय. दसऱ्याच्या फेऱ्या हायत. तू शपथ घे, कुणा माणसाला सांगायची नाय."

मी घेतली. कुणा माणसाला सांगणार नाही म्हटलं, अगदी त्यांच्याच शब्दांत. मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी खरारा घेतला, मैनेच्या खांद्याशी उभी राहिले. पलीकडे आत्याबाई पाखऱ्याला दाणा घालत होत्या. कुडामागे आरी चालू होती. मामंजींना चोरून पाढे ऐकवणं वेगळं आणि हे वेगळं. मैनेने मान वळवून माझ्याकडे बघितलं, नेहमीसारखं, हे कोण आहे ते कळावं म्हणून.

"मैने," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला फार मोठा वाटला. "ह्यांच्या टाचेत खिळा गेलाय. कालच्या नालेचा. हळद भरून बसलेत. पाय टेकवत नायत. मला भ्या वाटतंय गो."

आरी थांबली. आत्याबाईंच्या हातातलं टोपलं तसंच राहिलं, पाखऱ्या त्यात तोंड घालून हरभरे खात राहिला. मग पडवीतून खोगीर ढकलल्याचा आवाज आला आणि मामंजी डोक्याला मुंडासं न बांधता बाहेर आले. मला बघितलं नाही. पाखऱ्याचा दोर सोडत त्याच्याशीच म्हणाले, "चल रे. दवाखान्यात जायचंय." टांगा जोडला, ह्यांना बखोटीला धरून वर बसवलं आणि एवढ्याशा अंतरासाठी पाखऱ्याला असा पळवला, की बाजारातली माणसं बाजूला झाली.

डॉक्टरांनी जखम उघडी केली, आत राहिलेला गंज काढला, धुतली, सुई टोचली. बघू म्हणाले. त्या 'बघू'वर आमचं घर पुढचे सगळे दिवस तगलं. दसरा कधी आला नि गेला मला आठवत नाही. घोड्यांच्या गळ्यात माळा कोणी घातल्या तेही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की रोज सकाळी आत्याबाई घोड्यांच्या दाण्यातले मूठभर कोरडे हरभरे ह्यांच्यापुढे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "खा." ते चावायचे. आम्ही दोघी समोर बसून त्यांच्या जबड्याकडे बघत राहायचो. दाताखाली हरभरा फुटल्याचा आवाज आला, की आत्याबाई उठून कामाला जायच्या. तसा गोड आवाज मी पुढे आयुष्यात कधी ऐकला नाही. माझ्यावर हे रुसले होते. शपथ मोडली म्हणाले. मी म्हटलं, मैना माणूस आहे असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरांनी आता भीती नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या सकाळी तबेल्यात आम्ही दोघीच होतो. आत्याबाई मैनेच्या मानेवरून हात फिरवत होत्या. सुरुवात नेहमीसारखीच झाली. पणत्यांना तेल लागेल. अंगण सारवायचंय. मग मध्येच, त्याच आवाजात, त्या म्हणाल्या, "थोरल्याला पण नेता आलं असतं गो मैने. तेवढंच अंतर होतं."

पलीकडची आरी थांबली. मी खाली मान घालून उभी राहिले. इथून निघून जावं की राहावं, कळेना. पावलांचा आवाज आला नाही, पण दारातला उजेड कमी झाला म्हणून बघितलं, तर मामंजी आत आले होते. अनवाणी. मैनेच्या बरोबर मागे, हात खाली सोडून, नुसते उभे. मैनेचे कान मागे गेले.

आत्याबाईंनी मैनेची मान घट्ट धरली. माझ्यादेखत त्या नवऱ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी थेट त्यांच्याकडे बघून बोलल्या. "घोडीच्या मागं मुक्यानं उभं राहू नये. काय बोलायचं ते बोला."

मामंजींचे ओठ हलले. एकदा नुसतेच. मग म्हणाले, "चुकलो गो मी. त्याला न्यायला पायजे होता."

मैनेचे कान पुढे आले. आत्याबाईंनी तिच्या मानेवरचा हात काढला, पुढे झाल्या, मामंजींना दंडाला धरून तिच्या मागून बाजूला घेतलं, आणि तशाच धरून उभ्या राहिल्या. मी बादली उचलून बाहेर आले.

त्या दुपारी अंगणातल्या नालांचे खिळे पकडीने निघाले, सगळे. ज्याला बरकत हवी त्याने खिळा आपल्या घरचा लावावा, असं मामंजींनी सांगून टाकलं. आणि कुडापलीकडे आरीचा आवाज दिवे लागेपर्यंत चालू राहिला. त्यांना लगाम शिवताना सगळ्या गावाने बघितलं होतं. पण वहाण शिवणं त्या काळी आमच्या भाऊबंदांत कमीपणाचं समजत. रस्त्याने जाणारे थबकून बघत होते आणि मामंजी मान वर करत नव्हते. सकाळी उंबऱ्याजवळची जागा मोकळी होती. हे तबेल्यात आले ते थोरल्यांच्या वहाणा घालून. तळाला खोगिराचं जाड चामडं दुहेरी शिवलेलं होतं, आणि ह्यांच्या पायाला त्या जरा मोठ्याच होत होत्या.